१० बाय १२ च्या खोलीसाठी छोटे स्पीकर: काय घ्यावं?

माटुंगारोड

नमस्कार मंडळी,

परळला आमची १० बाय १२ ची खोली आहे. आई-बाबांचा बराचसा दिवस तिथेच जातो, संध्याकाळी मीही असते. जुन्या सीडी मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्यात, बाकी सगळं मोबाइलवर स्ट्रीमिंग. बाबा ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकतात, आईला भावगीतं लागतात, मला काहीही चालतं. सध्या हे सगळं लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर चाललंय. परवा बाबा म्हणाले, "हा तबला आहे की कोणी टेबलावर बोटं आपटतंय?" तेव्हा आता नीट काहीतरी घ्यायचंच असं ठरवलंय.

बजेट २५ हजार, त्यावर नाही. मोठे खोके ठेवायला जागा नाही आणि तारांचं जंजाळ आईला चालणार नाही. खोलीत दिवाण, लोखंडी कपाट, खिडकीलगत एक लांब टेबल. टेबलापासून दिवाण पाच-सहा फुटांवर. खिडकी रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे रहदारीचा आवाज असतोच.

दुकानदार साउंडबार घ्या म्हणतोय. किती वॉटचे घ्यावेत? सबवूफर लागेल का? ब्लूटूथने आवाज खराब होतो हे खरं का? आणि बाबांना फार खटपट न करता लावता आलं पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं.

हिंदमाता

एकच दणकट ब्लूटूथ स्पीकर घ्या. गच्चीवर न्या, गावी न्या, चार्ज केला की झालं. आमच्या घरी सगळे त्यावरच खूश आहेत. दोन-दोन खोके कशाला?

ऑसिलोस्कोप

हिंदमाता, गच्चीसाठी तुमचं बरोबर आहे. पण इथे एका जागी बसून ख्याल ऐकायचाय. गायक मधोमध, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला ही मांडणी एका खोक्यातून येत नाही. साउंडबारचंही तेच. तो टीव्हीखाली बसावा म्हणून बनवलेला असतो, डावं-उजवं सगळं तीन फुटांच्या पट्टीत आक्रसतं. माटुंगारोड, तुम्हाला दोन वेगळे स्पीकरच हवेत.

आधी वॉटचं बघू, कारण दुकानात सगळं बोलणं त्यावरच चालतं. स्पीकरच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो. १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. छोट्या स्पीकरचा तो बहुधा ८४ ते ८७ असतो. ८६ धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात, म्हणजे २ मीटरवर ८०. शिवाय स्पीकर दोन आहेत आणि भिंती आवाज परत पाठवतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच मिळतो. घरात रोज आपण ७०-७५ डेसिबलवर ऐकतो. म्हणजे बहुतेक वेळ तुमचं काम एका वॉटच्याही आत भागणार! तबल्याची थाप, समेवरचा जोर अशा क्षणी दहा-वीस पट ताकद लागते, तेवढ्यासाठी प्रत्येक बाजूला १५-२० वॉट हाताशी असले की पुरे. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. खोक्यावर 'पीएमपीओ' दिसलं तर तो आकडा वाचूच नका, त्याला कुठलंही ठरलेलं माप नाही. 'आरएमएस', म्हणजे सतत देता येणारी ताकद, लिहिलेलं बघा.

तसंच स्पीकर किती खालच्या स्वरापासून किती वरच्या स्वरापर्यंत पोचतो ते हर्ट्झमध्ये सांगतात. '५० ते २०,००० हर्ट्झ' एवढंच छापलेलं असेल तर त्यातून काही कळत नाही. पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असेल तरच तो आकडा धरायचा.

आता प्रकार. अँप्लिफायर वेगळा नको असेल तर पॉवर्ड स्पीकर घ्या. एका खोक्यात अँप्लिफायर असतो, दुसरा त्याला तारेने जोडलेला. एडिफायरचा आर१२८०डीबी हा या जातीचा: ४ इंचाचा वूफर (खालचे स्वर वाजवणारा पडदा), दोन्ही मिळून ४२ वॉट, ब्लूटूथ, ऑप्टिकल इनपुट, रिमोट. त्यांचाच एमआर४ पण ४ इंचीच, तोही ४२ वॉट, पण स्टुडिओ मॉनिटरच्या वळणाचा. आवाज जास्त सरळ, रंग कमी चढवलेला. प्रीसोनसचा एरिस ३.५ आणखी छोटा, प्रत्येकी २५ वॉट. जेबीएल ३०५पी मोठा, ५ इंची, त्यात वूफरला वेगळा आणि ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याला) वेगळा अँप्लिफायर. आवाज खोल जातो, पण दोन्ही स्पीकरना वेगवेगळी वीज लागते आणि लॅपटॉपची साधी पिन थेट लागत नाही, वेगळी केबल घ्यावी लागते. आईंना चालेल का बघा. केईएफ एलएसएक्स किंवा जेनेलेक ८०१० ऐकायला मिळाले तर जरूर ऐका, पण ते या बजेटच्या बाहेर आहेत.

माटुंगारोड

ऑसिलोस्कोप काका, खूप आभार. एवढं कुणी दुकानात सांगितलं नव्हतं. पण ४ इंचाने बाबांचा तबला खरंच वाजेल का? की ५ इंचीच घ्यावे?

काळी१

मी गाणं शिकते, तबल्याच्या साथीला रोज बसते, म्हणून यावर लिहिते.

काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) पुरुषी आवाजाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. बायकांचा षड्ज काळी चारला धरला तर २०८, खर्ज १०४. चांगला ४ इंची स्पीकर साधारण ६०-७० पर्यंत उतरतो, त्याखाली आवाज भराभर पडत जातो. म्हणजे गळा, पेटी, सारंगी, सगळं त्याच्या आवाक्यात आलं.

तानपुरा छोट्या स्पीकरवरही भरलेला वाटतो, कारण जवारीमुळे (घोडीवर तार घासून झणकारते त्यामुळे) त्याच्या तारेत वरचे स्वर इतके भरपूर असतात, की मूळ स्वर दबला तरी कान तो आपसूक भरून घेतो. डग्ग्याचं तसं नाही. मनगटाने दाबून जी मींड काढतात तिचा जीव १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो, वर आधाराला फारसं काही नसतं. म्हणून स्पीकर पारखायचा तर डग्गा ऐका. विलंबित एकतालाची तयारीची, सावकाश वाजलेली चार आवर्तनं लावा. 'गे' घुमतो का, आणि घुमून मग खाली-वर सरकताना प्रत्येक पायरी ऐकू येते का? काही स्पीकरवर एकाच उंचीवर 'धम्म' येतो आणि मींड गायब होते. असा स्पीकर दुकानात दणदणीत वाटतो, घरी आठवड्याभरात डोकं उठतं.

आणि नाट्यसंगीताबद्दल. बाबा बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची डिजिटल रूपं ऐकत असतील तर एक लक्षात ठेवा. ७८ च्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि वरच्या पट्टीत गाण्यापेक्षा खरखरच जास्त. ज्या स्पीकरचा ट्वीटर चमकवलेला असतो तो नव्या सिनेमाच्या गाण्यात टवटवीत वाटतो, पण तबकडीची खरखर अंगावर येते. दुकानात नवीन गाणं लावून निवडू नका. बाबांचंच घेऊन जा.

खाडीकिनारा

वाचतोय. ब्लूटूथचं कुणी सांगा ना, माझाही तोच प्रश्न आहे.

ऑसिलोस्कोप

थोडक्यात सांगतो. सीडीवरचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट. ब्लूटूथचा रस्ता तेवढा रुंद नाही, म्हणून आवाज दाबून पाठवावा लागतो. दाबण्याच्या पद्धती अनेक: एसबीसी सगळीकडे चालते, आयफोन त्याशिवाय फक्त एएसी वापरतो, अँड्रॉइडवर एलडॅक मिळू शकतं, ते ९९० किलोबिटपर्यंत जातं. पण समोरच्या स्पीकरलाही तीच पद्धत कळायला हवी, नाहीतर दोघं मिळून एसबीसीवर उतरतात.

रस्त्यावरच्या रहदारीत, पंखा चालू असताना चांगलं एएसी आणि सीडी यांतला फरक बहुतेकांना कळणार नाही. मला विचाराल तर यूट्यूबवर कुणीतरी कॅसेटवरून चढवलेली मैफल आणि नीट उतरवलेली सीडी यांतला फरक ब्लूटूथच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. आधी मूळ प्रत चांगली मिळवा. सीडी एफएलएसी प्रकारच्या फाइलमध्ये करून ठेवा, आकार साधारण निम्मा होतो आणि गाण्यातलं काहीही कमी होत नाही.

आई-बाबांसाठी ब्लूटूथ, तुमच्यासाठी लॅपटॉपहून तार, असं दोन्ही असलेलं घ्या.

भडकमकरमार्ग

माझं मत थोडं वेगळं आहे. पॉवर्ड स्पीकरमधला अँप्लिफायर गेला की सगळं खोकं अडतं. साधा पॅसिव्ह स्पीकर आणि वेगळा छोटा अँप्लिफायर घेतला तर जे बिघडेल तेवढंच बदलता येतं. व्हार्फडेलचे डायमंड, क्यू अकूस्टिक्सचे ३०१०आय, डाली स्पेक्टर हे छोटे स्पीकर चांगले आहेत. तळहाताएवढे क्लास-डी (कमी तापणारे, कमी वीज खाणारे) अँप्लिफायर आता स्वस्तात मिळतात. लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनकडून शिरा, दुरुस्ती करणारी जुनी माणसं अजून बसतात.

जुना माल बघणार असाल तर आधी वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबा. रबराची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती भुसभुशीत होते, बोट लावलं की तपकिरी भुगा हाताला येतो. ती बदलून मिळते, पण किंमत ठरवताना ते धरा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी मागच्या तारांचे स्क्रूही बघावेत, हिरवट थर चढलेला असतो.

पावसाळ्यात स्पीकर महिनोन्महिने बंद ठेवू नका. रोज तासभर वाजले तरी आतला दमटपणा जातो. आणि एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकूडभुशाच्या फळीचं खोकं गळक्या भिंतीला टेकवून कधीच ठेवू नका, खालची कड फुगते.

काळी१

भडकमकरमार्ग दादा, दुरुस्तीचा मुद्दा अगदी पटला. पण त्यांच्या घरी आईंची अट तारा नकोत अशी आहे. पॅसिव्ह घेतलं की अँप्लिफायर, दोन स्पीकर, लॅपटॉपची तार, अँप्लिफायरचा अडॅप्टर, ब्लूटूथ नसेल तर आणखी एक डबी. त्या टेबलावर ते मावणार नाही.

गिरणगाव

खोलीचं कुणी बोललंच नाही अजून! मी बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत वाढलो, छोट्या खोलीत आवाज कसा वागतो हे अंगवळणी पडलंय.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खालचे स्वर अडकतात आणि एका ठरावीक स्वराला खोली फुगते. हिशोब सोपा आहे: आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. १० फुटांच्या भिंतींत ५६ हर्ट्झ, १२ फुटांच्यात ४७. म्हणजे या खोलीत ४५ ते ६० च्या पट्ट्यात गडगडाट होणारच. मोठा स्पीकर किंवा सबवूफर नेमका तिथेच जोर लावतो. ४ इंची स्पीकर तिथवर पोचता पोचता दमलेला असतो, आणि जे थोडं देतो ते खोली उचलून धरते. म्हणून माझं ठाम मत: या खोलीत ४ इंचीच घ्या, सबवूफर घेऊ नका. आमच्याकडे १० बाय १० ची खोली होती, लांबी-रुंदी सारखी, दोन्हींचा गडगडाट एकाच स्वरावर. तिथे तर सबवूफर लावून बोलणंही अशक्य होतं. शेजाऱ्यांचाही विचार आहेच. निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि भिंतीतून पलीकडे जातो तो नेमका खालचाच आवाज.

बीबीसीचा एलएस३/५ए हा स्पीकर १९७० च्या दशकात मुद्दाम बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीसाठी बनवला गेला. ५ इंची वूफर, बंद पेटी, उंची जेमतेम फूटभर. गाडीत जागाच नव्हती आणि निवेदकाचा आवाज माणसासारखा ऐकू यायला हवा होता. तो आजही लोक घरात लावतात. गळ्यासाठी मोठं खोकं लागतं हा समज आपण सोडायला हवा.

ऑसिलोस्कोप

गिरणगाव, अगदी मनातलं लिहिलंत. त्यात एक जोडतो. स्पीकरच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज पुढच्या आवाजाला एका ठरावीक स्वरावर खातो. वूफरचा दर्शनी भाग भिंतीपासून बरोब्बर दोन फुटांवर आला तर हा खड्डा १४० हर्ट्झजवळ पडतो. काळी१ ताईंनी सांगितलेला पुरुषी षड्ज १३९! म्हणजे गायक षड्जावर स्थिरावला की आवाज पोकळ. हे टाळायचं तर छोट्या खोलीत स्पीकर भिंतीजवळच ठेवा, म्हणजे खड्डा वर सरकून सौम्य होतो. त्यामुळे खालचा आवाज थोडा फुगेल, तो मागच्या किंवा बाजूच्या बेसच्या बटणाने उतरवा. भोक मागे असलेला स्पीकर असेल तर चार बोटं तरी अंतर सोडा. कोपऱ्यात मात्र कोंबू नका.

ट्वीटर कानाच्या उंचीला आला पाहिजे. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण जमला तर उत्तम. आणि दिवाण भिंतीला लागून असेल तर डोकं भिंतीला टेकवून ऐकू नका, हातभर पुढे या, लगेच फरक कळेल.

माटुंगारोड

मंडळी, शनिवारी बाबांना घेऊन दुकानांत फिरून आले. पेनड्राइव्हमध्ये काळी१ ताईंनी सांगितल्याप्रमाणे एक विलंबित ख्याल, एक तबकडीवरचं पद आणि आईचं एक भावगीत.

५ इंची स्टुडिओवाले आधी ऐकले. फार सुंदर, पण बाबांनी दोन मिनिटांत विचारलं, "हे आपल्या टेबलावर राहणार कुठे?" मग आर१२८०डीबी आणि एमआर४ एकापाठोपाठ एक लावून घेतले. विक्रेत्याला आवाजाची पातळी सारखी करायला लावली, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो असं मी कुठेसं वाचलं होतं. भावगीताला आर१२८०डीबी जास्त गोड. ख्यालाला एमआर४ वर डग्ग्याची मींड स्पष्ट. तबकडीच्या पदाला बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एमआर४ कडे बोट दाखवून म्हणाले, "यात शब्द कळतात." घेतले. बजेटच्या बऱ्याच आत बसले, उरलेल्या पैशांत एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घेतला, बाबा मोबाइलवरून त्यालाच जोडतात.

आता दोन अडचणी. एक, लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून बारीक घूं येतो, चार्जर काढला की जातो. दोन, आईच्या गाण्यात एका ठरावीक जागी काहीतरी किणकिणतं. स्पीकर खराब असेल का?

भडकमकरमार्ग

पहिल्या अडचणीत दोन्ही उपकरणं बहुतेक ठीक आहेत. लॅपटॉप आणि स्पीकर वेगवेगळ्या बोर्डांना लावलेत का? त्यांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक पडला की तो ऑडिओच्या तारेतून फिरतो आणि घूं येतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डाला लावून बघा. तरी राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी तारेत बसवा. चार्जरची अर्थची पिन तोडायचा सल्ला काहीजण देतात, तो कुणीही, कधीही ऐकू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. आणि इमारत जुनी असेल तर सॉकेटला मुळात अर्थिंग आलंय का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, स्पीकर असोत वा नसोत.

काळी१

किणकिण ऐकून मला कपाटाची शंका येते. गायिका षड्जावर थांबली की येते का? मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप मिळतं. १०० हर्ट्झपासून हळूहळू वर न्या आणि खोलीत फिरून कान लावा.

माटुंगारोड

सापडलं! साधारण २३० ला लोखंडी कपाटाच्या मुठीची कडी थरथरते, अगदी हाताला जाणवते. काळी पाच जवळची पट्टी ना ही? कडीमागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, बंद. पुढे जाऊन खिडकीची एक सैल काच आणि मांडणीवरचं एक ताट पण सापडलं.

एकाच बोर्डाला लावल्यावर घूंही जवळजवळ गेला. इलेक्ट्रिशियनला बोलावलंय.

टेबलावर ठेवल्यावर गळा जरा डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्याचं काय करू?

गिरणगाव

टेबलाचा पृष्ठभाग आवाज परतवतो आणि लाकूडही थरथरतं. फरशीवाल्याकडून कडप्प्याचे दोन तुकडे स्पीकरच्या मापाने कापून घ्या, खाली जाड रबर, वर स्पीकर. पुढची कड टेबलाच्या कडेशी आणा, म्हणजे समोर पृष्ठभाग उरत नाही. ट्वीटर खालीच राहत असेल तर पुढच्या बाजूला रबराचा आणखी एक तुकडा सरकवून स्पीकर किंचित वर बघता करा. समोरच्या उघड्या फरशीवर सतरंजी टाका आणि खिडकीला जाड पडदा लावा.

ऑसिलोस्कोप

आणि लॅपटॉपमध्ये एक करा. आवाजाच्या सेटिंगमधली सगळी 'एन्हान्समेंट' बंद करा. प्लेअरचा आणि विंडोजचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करा. सॉफ्टवेअरमध्ये दर ६ डेसिबल कमी केले की साधारण एक बिट खर्ची पडतो, १६ बिटांच्या सीडीला ते उगाच कशाला? बाबांच्या मोबाइलचंही तेच, मोबाइल जवळजवळ पूर्ण आणि बटण स्पीकरवर. त्या बटणावर त्यांच्या रोजच्या आवाजाच्या जागी नेलपॉलिशचा एक ठिपका लावून द्या, चष्म्याशिवाय सापडेल.